त्र्यंबकेश्वरची उगमतीर्थे आणि ब्रह्मगिरीची फेरी : जलतीरावरील पायवाटेचा एक विचार

नदीचा काठ, त्यावरील घाट व उद्यान, आणि त्या काठाने जाणारी पायवाट यांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा निरनिराळ्या शाखांत वाटला गेला आहे. घाट वास्तुशास्त्राकडे, नदी भूगोलाकडे, यात्रा धर्मेतिहासाकडे आणि उद्यान नगररचनेकडे अशी ही वाटणी आहे. तिच्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड होते. महाराष्ट्रात पाण्याच्या काठी जी सार्वजनिक बांधकामे झाली, ती मुख्यतः चालणाऱ्या माणसासाठी झाली. काठावर येऊन बसणारा आणि पाण्याकडे पाहत राहणारा नागरिक त्या बांधकामांच्या कर्त्यांपुढे फारसा नव्हता. त्यांच्यापुढे होता तो दुरून आलेला आणि पुढे जावयाचा असलेला वाटसरू. प्रस्तुत लेखात हा विचार त्र्यंबकेश्वर या एका स्थळाच्या आधारे मांडावयाचा आहे. गोदावरीच्या उगमाचे हे गाव त्यासाठी विशेष सोयीचे आहे. कारण येथे पाणी आणि चाल या दोहोंची सांगड इतकी घट्ट आहे की, एक सोडून दुसऱ्याचा अर्थच लागत नाही.

आरंभ मात्र त्र्यंबकच्या पूर्वेस, नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतून करणे इष्ट होईल. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पडतो. दानांच्या यादीसाठी हा लेख नेहमी उद्धृत केला जातो. पण त्या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी उषवदाताने चौसोपी निवासगृहे बांधिली. त्यापुढे आराम, तडाग आणि उदपान म्हणजे बागा, तळी आणि विहिरी यांचा उल्लेख येतो. मग इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारिल्या, असे लेख सांगतो. प्रपा म्हणजे पाणपोई. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे. दाहनुका ही डहाणूची. भरुकच्छ म्हणजे भडोच. गोवर्धन नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी असलेल्या त्याच नावाच्या गावाशी जुळविले जाते. यांतील पार आणि दमणगंगा या नद्यांचे उगम नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीतच आहेत. म्हणजे किनारपट्टीच्या बंदरांपासून घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या एका वाटेवरील ही बांधकामे आहेत. बाग, विहीर, धर्मशाळा, नाव, पाणपोई या साऱ्या वस्तू एकाच हेतूच्या अंगभूत आहेत, आणि तो हेतू वाट चालती ठेवण्याचा आहे. आजच्या मराठीतील विश्रांतिवाचक 'आराम' हा शब्द फारसीतून आला आणि संस्कृत 'आराम' म्हणजे उपवन. तरी दोहोंचा अर्थ उषवदाताच्या वाटसरूला एकाच जागी मिळत असला पाहिजे.

'तीर्थ' या शब्दाचाही मूळ अर्थ हाच. ऋग्वेदात तो वाट किंवा नदीचा उतार अशा अर्थांनी येतो, याकडे म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) लक्ष वेधले आहे. पावित्र्य त्या शब्दाला पुढे चिकटले. मराठीने तर याहून मौजेची गोष्ट केली आहे. नदीवरच्या पायऱ्यांनाही घाट म्हणावयाचे आणि डोंगर उतरण्याच्या वाटेलाही घाटच म्हणावयाचे. ज्या भाषेत पाण्यात उतरणे आणि डोंगर उतरणे यांना एकच शब्द पुरतो, त्या भाषेच्या प्रदेशात जलतीराचा इतिहास वाटांच्या इतिहासापासून तोडता येणार नाही.

आता त्र्यंबककडे वळू. गाव नाशिकपासून सुमारे अठ्ठावीस-तीस किलोमीटर पश्चिमेस, ब्रह्मगिरीच्या पूर्व पायथ्याशी वसले आहे. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. हा डोंगर सह्याद्रीच्या जलविभाजक रेषेवर उभा आहे, हे त्याचे खरे महत्त्व. त्याच्या पूर्वेकडील पाणी गोदावरी होऊन सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील पाणी वैतरणेतून अरबी समुद्रास जाते. वस्तुतः अरबी समुद्र येथून अगदी जवळ आहे. तरी गोदावरीने त्याकडे पाठ फिरवावी, याचे नवल पूर्वीच्या लोकांनाही वाटले असणारच.

उगम म्हणजे एक बिंदू, अशी आपली शालेय समजूत असते. त्र्यंबकला ती टिकत नाही. परंपरेप्रमाणे गंगा प्रथम ब्रह्मगिरीच्या माथ्यावर प्रकटली. तेथून ती नाहीशी होऊन डोंगराच्या मध्यावर गंगाद्वारी दिसली. मग वराहतीर्थ, रामतीर्थ, लक्ष्मणतीर्थ अशा ठिकाणी दर्शन देत ती गावात कुशावर्तावर आली. तिने पुन्हा निसटू नये म्हणून गौतम ऋषींनी कुश दर्भाचे वेढे घालून तिला अडविले, म्हणून ते कुशावर्त. इतके करूनही पुष्कळांच्या मते नदी खऱ्या अर्थाने वाहताना दिसते ती पुढे बेझे गावाजवळ चक्रतीर्थी. पुराणकथा म्हणून हे बाजूला सारणे सोपे आहे. परंतु बेसॉल्टच्या थरांचा डोंगर ज्याने पाहिला आहे, त्याला या कथेत निरीक्षण दिसेल. पावसाळ्यात माथ्यावर मुरलेले पाणी थरांच्या सांध्यांतून वाट काढते. एका पातळीवर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, पुन्हा खाली मुरते आणि आणखी खाली दुसऱ्या पातळीवर प्रकट होते. डोंगर चढताना एकामागून एक लागणारी ही तीर्थे म्हणजे झऱ्यांच्या पातळ्याच होत. लपंडाव खेळणारी गंगा ही कविकल्पना असली, तरी तिचा पाया भूशास्त्रीय आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

या तुटक नदीला जोडते कोण? येथे यात्रेकरूची पावले येतात. कुशावर्ती स्नान करून, सुमारे सातशे पायऱ्या चढून गंगाद्वारी आणि शक्य झाल्यास पुढे माथ्यावर गेलेला माणूस पाण्याच्या सुट्या दर्शनांना आपल्या चालीने एका रेषेत ओवतो. ब्रह्मपुराणात अंतर्भूत असलेले 'गौतमीमाहात्म्य' शंभरांहून अधिक अध्यायांत हेच करते. एकामागून एक तीर्थ घेत, प्रत्येकाची कथा सांगत ते नदीच्या काठाने पुढे सरकते. माहात्म्यग्रंथांना इतिहासाचे साधन म्हणून हिणविण्याची एक रीत आहे. पण त्यांची रचना वाटेची आहे, हे त्यांत वगळले जाते. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त ही दृष्टी अधिक कोरडी आणि म्हणून अधिक मोलाची होते. देवळाच्या कोणत्या दिशेस मठ, नदीच्या कोणत्या अंगास वड, याची नोंद तीत मोजणीदाराच्या काटेकोरपणाने येते. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांवरील आपल्या ग्रंथात (१९९५) आणि नंतर यात्रा व प्रदेश यांच्या संबंधावरील ग्रंथात (२००३) यात्रेमुळे ठिकाणे परस्परांस जोडली जाऊन प्रदेशाची जाणीव कशी घडते, याचे विवेचन केले आहे. त्र्यंबकच्या बाबतीत त्यापुढे एक पाऊल टाकता येईल. येथे चालण्याने केवळ गावे जोडली जात नाहीत; नदीच जोडली जाते.

याहून लक्षणीय आहे ती ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तिला सर्वांत मोठी गर्दी असते. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरांची. मोठीत हरिहरचा डोंगरही येतो आणि ती सुमारे दुप्पट होते. कुशावर्तावरून निघून प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने अशी गावे घेत लोक डोंगराच्या दक्षिण अंगाने पश्चिमेस वळतात आणि सापगावच्या बाजूने पुन्हा त्र्यंबकला येतात. प्रदक्षिणेचा नियम म्हणजे देव उजव्या हातास ठेवावयाचा. म्हणून पूर्व पायथ्याच्या गावातून निघालेली वाट दक्षिणेकडेच वळली पाहिजे. यात गूढ काही नाही. पण नकाशा पुढे ठेवला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. डोंगर जलविभाजकावर असल्यामुळे त्याला पुरा वेढा घालणाऱ्या वाटेला ती विभाजक रेषा दोनदा ओलांडावीच लागते. गोदावरीच्या खोऱ्यातून निघालेला यात्रेकरू पश्चिमवाहिनी पाण्याच्या प्रदेशात उतरतो, आणि पुन्हा बारी चढून गोदावरीच्या खोऱ्यात येतो. माहात्म्याने पूर्वेकडे जाणाऱ्या नदीचेच गुणगान केले. फेरीने मात्र दोन्ही समुद्रांकडे जाणारे पाणी एका वर्तुळात घेतले. ग्रंथापेक्षा पायांची परंपरा येथे अधिक व्यापक आहे, असे मला वाटते. या फेरीच्या वाटेवर महादेव कोळी व ठाकूर यांची वस्ती आहे. तिची आखणी ज्यांच्या शेतबांधांवरून आणि ज्यांच्या परिचयाच्या बाऱ्यांतून झाली, त्यांचे नाव माहात्म्यात सापडत नाही.

फेरी किती जुनी? वारकरी चरित्रपरंपरा सांगते की, विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, निवृत्तिनाथ चुकून मागे राहिले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथांची भेट झाली. ही कथा तेराव्या शतकाची. पण तिचे विस्तृत कथन नंतरच्या चरित्रकारांचे आहे. म्हणून तेवढ्यावरून फेरीचा काळ ठरविणे धाडसाचे होईल. एवढे मात्र निश्चित की, नाथ आणि वारकरी या दोन प्रवाहांचा सांधा परंपरेने देवळात किंवा कुंडाच्या काठी ठेवला नाही. तो चालत्या वाटेवर ठेवला. निवृत्तिनाथांनी शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, त्र्यंबकलाच समाधी घेतली, आणि पौष वद्य एकादशीस त्यांच्या समाधीस दिंड्या येतात. एकाच गावात अशा रीतीने दोन चाली आहेत. एक दुरून येऊन मुक्कामी पोहोचते, दुसरी गावातून निघून गावातच परतते. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटचालीवर जे लिहिले, ते पहिल्या प्रकाराविषयी. दुसऱ्या प्रकाराला तसा निरीक्षक अजून लाभावयाचा आहे.

दगडी बांधकामाचा इतिहास या मानाने अलीकडचा आणि अधिक सुस्पष्ट आहे. आजचे त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) सुरू झाले आणि त्यांच्या मागे पुरे झाले. कुशावर्ताच्या बांधणीचे श्रेय परंपरेने होळकरांचे फडणीस पारनेरकर यांस दिले जाते. पायऱ्यांनी उतरत जाणारे चौरस कुंड आणि भोवती ओवऱ्या अशी ही रचना आहे. तिचे प्रयोजन नीट पाहिले तर कथेतील दर्भाच्या वेढ्याचे काम येथे दगडाने केले आहे. झिरपणारे थोडे पाणी धरून ठेवावयाचे, ते पुष्कळांना एकाच वेळी उपलब्ध करून द्यावयाचे, आणि उन्हापावसात थांबण्यास ओवरी द्यावयाची. नाशिकचे रामकुंडही याच घराण्यातले. ते १६९६ मध्ये चित्रराव खटावकर यांनी बांधिले आणि पुढे नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, असे १८८३ चे नाशिक गॅझेटिअर सांगते.

पण कुंड लहान आणि सिंहस्थाची गर्दी अफाट. स्नानाचा अग्रक्रम कोणाचा, यावरून शैव व वैष्णव आखाड्यांत तंटे झाले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शैवांनी कुशावर्ती व वैष्णवांनी रामकुंडी स्नान करावे अशी वहिवाट पडली. या निर्णयाकडे धार्मिक तडजोड म्हणूनच पाहिले जाते. तो जलतीराच्या व्यवस्थेचाही निर्णय होता. पाण्याची जागा वाढविता येत नाही, तेव्हा माणसांच्या वाटा वेगळ्या केल्या. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा पेशवाईतील तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अपघात पाण्यात झाला नाही. तो पाण्याकडे नेणाऱ्या वाटेवर झाला. २०१५ च्या सिंहस्थासाठी नाशिकला नवे घाट बांधून गर्दी नदीच्या लांबीवर पसरविण्यात आली, ती याच अनुभवातून. २०२६–२७ च्या सिंहस्थाच्या संदर्भात घाटांच्या लांबीची चर्चा होते, तेव्हा घाट हा वाटेचा एक मुक्काम आहे, हे विसरले तर मापे चुकतील.

किल्ल्याविषयी येथे थोडक्यातच. ब्रह्मगिरीचा माथा म्हणजेच त्र्यंबकगड. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगलांस द्याव्या लागलेल्या गडांत तो होता. १६७० च्या सुमारास मोरोपंत पिंगळे यांनी तो स्वराज्यात आणिला. एप्रिल १८१८ मध्ये मॅक्डॉवेलच्या फौजेपुढे तो पडला. घाटवाटांवर नजर ठेवणारा हा गड आणि त्याच डोंगराला फिरणारी यात्रेकरूंची वाट यांचा संबंध स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल-ठाकुरांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला आणि नंतर याच डोंगरांत आश्रय घेतला, एवढ्यावरूनही वाटांची जाण कोणाकडे होती हे कळते.

एकोणिसाव्या शतकापासून पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पटकीच्या साथींमुळे इंग्रज आरोग्याधिकाऱ्यांना तीर्थातील पाणी म्हणजे प्रथम रोगाचे स्थान वाटू लागले. दुसरीकडे मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरात हवा खाण्यासाठी समुद्रकाठी फिरणे ही नवी सवय रुजली. बॅकबेची भरणी आणि तिच्या कडेने गेलेला मरीन ड्राइव्ह हे तिचे विसाव्या शतकातील भव्य रूप. तेथे चालणे स्वतःसाठीच असते. कोठे पोहोचावयाचे नसते, आणि पाण्याला स्पर्शही करावयाचा नसतो. ही कल्पना हीन आहे असे नव्हे. समुद्राच्या काठी ती शोभते, कारण समुद्र आपली पातळी फारशी सोडत नाही. तीच कल्पना नदीवर आणली की अडचण येते. नाशिकला गोदावरीच्या काठाने गोदापार्क झाला आणि ऑगस्ट २०१६ च्या पुरात त्याची मोठी हानी झाली. त्याच नदीत पंचवटीजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेस लागले की गळ्याशी आले, यावरून नाशिककर पूर मोजतात. जुन्या घाटाने पूर येणार हे गृहीत धरले होते.

धरणांनी चित्र आणखी बदलले. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणानंतर नाशिकच्या काठावरील पाणी ऋतूइतकेच विसर्गाच्या निर्णयावर अवलंबून राहिले. ब्रह्मगिरीच्या दुसऱ्या अंगाचे पाणी वैतरणेवरील मोडकसागर (१९५७) आणि अप्पर वैतरणा (१९७३) या जलाशयांतून मुंबईच्या नळांस जाऊ लागले. मरीन ड्राइव्हवर फिरून घरी आलेला मुंबईकर ज्या पेल्यातून पाणी पितो, त्यात ब्रह्मगिरीचा पाऊस असण्याचा संभव आहे. श्रावणातील फेरीवाल्यांना हे कळले तर ते त्यालाही फेरीच्या वर्तुळात घेतील.

स्वतः त्र्यंबकमध्ये जे घडले ते अधिक गंभीर आहे. गावातून वाहणाऱ्या पात्राचा बराच भाग अलीकडच्या दशकांत काँक्रीटने आच्छादला गेला. खाली नदी आणि वर रहदारी अशी ही रचना. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दाद मागण्यात आली. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्धही आवाज उठला. या दोन घटना वेगळ्या समजल्या जातात. झऱ्यांच्या पातळ्यांचा जो क्रम वर सांगितला, त्याच्या दृष्टीने त्या एकच आहेत. वरचा थर फोडला की झरा हलतो, आणि खालचे पात्र झाकले की तो हलल्याचे कोणास दिसत नाही. गौतमाने वेढा घातला तो नदी दिसत राहावी म्हणून. काँक्रीटचा वेढा ती दिसू नये म्हणून पडला, हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदविला पाहिजे.

संरक्षणाच्या व्यवस्थेतही वास्तू आणि वाट यांची फारकत आहे. त्र्यंबकेश्वराचे देऊळ १९४१ पासून केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि ते योग्यच आहे. स्मारक म्हटले की भिंत, शिखर, शिलालेख हे डोळ्यांपुढे येते. फेरीची वाट यांत बसत नाही. तिला शिखर नाही आणि तिची तारीख सांगता येत नाही. लहान फेरीचा पुष्कळसा भाग आता डांबरी रस्त्यावरून जातो. रस्ता झाला की वळण सरळ होते, वळणावरची विहीर बाजूस पडते, आणि विहीर बाजूस पडली की तिथे थांबण्याचे कारण उरत नाही. उषवदाताच्या लेखात विहीर, बाग आणि सभा एकत्र का येतात, याचे उत्तर अशा ठिकाणी प्रत्यक्ष मिळते.

यासाठी करण्याजोगे काम मोठे खर्चाचे नाही. फेरीच्या वाटेवरील प्रत्येक थांब्याची नोंद जागेवर जाऊन घ्यावी. पाण्याचे स्थान, त्याला वर्षातून किती महिने पाणी असते, जवळचे झाड अथवा दगडी देव, त्या स्थळाचे स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्याची जमात, एवढे तपशील पुरेत. 'स्थानपोथी'चा नमुना समोर आहेच. ही नोंद पावसाळ्यात एकदा आणि वैशाखात एकदा अशी दोनदा घ्यावी लागेल, कारण या डोंगरावरचे पाणी दोन्ही वेळा एकाच जागी भेटत नाही. मोठ्या फेरीपासून आरंभ करणे बरे. हरिहरच्या अंगाला जाणाऱ्या वाटेचा बराचसा भाग अजून पायांचाच आहे, आणि तेथील वाड्यांवरील वृद्धांना जुन्या बाऱ्यांची नावे ठाऊक आहेत.